साताऱ्या-सांगलीकडे कमी पैशांत स्लॅशर सिक्वेल काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक खुनी, एक हत्यार, आणि एकेक करून कमी होत जाणारी माणसं. स्लॅशरचा सांगाडा एवढाच असतो आणि म्हणूनच तो कमी पैशांत उभा राहतो. दुसरा, तिसरा, चौथा भाग काढताना मात्र अडचणी वेगळ्या येतात. प्रेक्षकाला खुनी आधीच माहीत असतो, पहिल्या भागातली निम्मी मंडळी हाताशी नसतात आणि निर्मात्याला खर्च पहिल्यापेक्षा कमी हवा असतो. वाई, कराड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यात असं काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पहिला भाग आमच्या मित्राने काढला होता. दुसरा भाग काढायला तोंडी होकार पुरतो का?

पुरत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो. पटकथा आणि संगीत यांचे हक्क मुळात ज्याचे त्याचे. निर्मात्याने लेखकाकडून कागदावर काय घेतलं आहे, ते आधी वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं कायदा धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. पहिला भाग सहा-सात वर्षांपूर्वीचा असेल आणि करार एका पानाचा असेल, तर खुनी पात्राचे हक्क लेखकाकडे परत गेलेले असण्याची शक्यता मोठी. नव्या करारात ‘पुढील भाग, पात्रं, पात्रांचा वेश व मुखवटा, वेबमालिका’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या.

मोठ्या मालिकाही यात अडकल्या आहेत. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा नवा चित्रपट २००९ नंतर आला नाही. त्यामागे पहिल्या भागाचा लेखक व्हिक्टर मिलर आणि हक्क सांगणारी कंपनी यांच्यातला खटला हे एक मोठं कारण होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने मिलरच्या बाजूने निकाल दिला.

नावाबद्दल वेगळं. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं आहे. तरीही अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे नावाची नोंद करा. पुढे वितरक आणि चॅनल त्या नोंदीबद्दल विचारतात.

सिक्वेलमध्ये काय तेच ठेवायचं आणि काय बदलायचं?

तीन गोष्टींना हात लावू नका: खुन्याची आकृती, त्याचा आवाज आणि त्याचा नियम. आकृती म्हणजे लांबून, पाठमोरा, अंधारात दिसला तरी ओळखू येईल असा आकार. आवाज म्हणजे तो येण्याआधी जे कानावर पडतं ते. नियम म्हणजे तो कुठे येतो, कुठे येत नाही आणि कुणाला सोडतो. बाकी गाव, माणसं, ऋतू, अगदी कथेचा काळसुद्धा बदलला तरी चालतं.

खुनीच बदलला तर काय होतं ते ‘हॅलोवीन’ मालिकेत दिसलं. १९८२च्या तिसऱ्या भागात मालिकेचा खुनी मायकल मायर्स नव्हता, कथा पूर्ण वेगळी होती. प्रेक्षक नाराज झाले आणि १९८८च्या चौथ्या भागात त्याला परत आणावं लागलं, तेही त्याच्या परतण्याची बातमी शीर्षकात देऊन. तो तिसरा भाग आज अनेकांना आवडतो, पण तोपर्यंत बरीच वर्षं गेली होती. तुमच्या निर्मात्याला तेवढी वर्षं थांबता येणार नाही.

आकृती पहिल्याच भागात पूर्ण सापडली पाहिजे असंही नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेचा ओळखीचा खुनी जेसन, पण पहिल्या भागात (१९८०) मारेकरी तो नव्हताच. दुसऱ्यात (१९८१) त्याच्या डोक्यावर एका डोळ्याचं भोक पाडलेलं कापड होतं आणि हॉकीचा मुखवटा आला थेट तिसऱ्यात (१९८२). तुमच्या पहिल्या भागातला खुनी फिका असेल तर दुसऱ्यात त्याला नवी खूण देता येते. मात्र ती त्याला कशी मिळाली, तो प्रसंग प्रेक्षकाला पडद्यावर दाखवा.

मूळ नट आता पैसे जास्त मागतोय. खुनी दुसऱ्याने केला तर कळेल का?

चेहरा झाकलेला असेल तर चेहऱ्यावरून कळत नाही, चालीवरून कळतं. पहिल्या भागातले खुन्याचे सगळे चालतानाचे शॉट एकत्र काढा आणि नव्या नटाला ते दोन आठवडे पाहायला लावा. उंचीत दोन इंचांचा फरक बुटाच्या आतल्या पट्टीने भरून निघतो. खांद्याची रुंदी वेशाच्या आत स्पंजची पट्टी शिवून वाढवता येते. मान वळवण्याची गती मात्र शिकावीच लागते, तिला दुसरा उपाय नाही.

लांबी भरायला पहिल्या भागाचं फुटेज किती वापरावं?

दोन मिनिटं, फार तर तीन. १९८७ साली ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’च्या दुसऱ्या भागात पहिल्या भागाचा मोठा हिस्सा आठवण म्हणून पुन्हा दाखवला होता. आजही त्या चित्रपटाबद्दल बोलताना लोक आधी तेच सांगतात. लांबी कमी पडत असेल तर ८० मिनिटांचाच चित्रपट करा. स्लॅशरला ती लांबी शोभते.

उसात शूटिंग कधी धरावं?

इथल्या स्लॅशरला उसासारखी जागा दुसरी नाही. आत शिरलं की चार पावलांवर माणूस दिसेनासा होतो, वारा नसतानाही पाला वाजतो, आणि सरीमधून सरळ रेषेत धावता येत असल्याने कॅमेऱ्यालाही वाट मिळते. पण ऊस हे पीक आहे, त्याचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं.

आडसाली लावण जुलै-ऑगस्टमधली. ती तोडीला येईपर्यंत १६ ते १८ महिने जातात, त्यामुळे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा ऊस डोक्यापेक्षा बराच उंच आणि खालपर्यंत दाट मिळतो. तोच काळ धरा. कारखान्यांचे गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि तोडणीची टोळी दारात आली की शेतकरी तुमच्यासाठी पाळी सोडणार नाही, सोडूही नये. पाळी गेली तर ऊस वाळतो आणि वजन घटतं. म्हणून शेत ठरवताना मालकाला तीन गोष्टी विचाराच: कारखान्याकडे उसाची नोंद कोणत्या महिन्यातली आहे, तोड कधी अपेक्षित आहे, आणि शूटिंगच्या आधी शेवटचं पाणी कधी दिलं जाईल. पाणी देऊन आठ दिवस झाले नसतील तर काळ्या रानात पाय रुततो, ट्रायपॉडचे पाय बसतात आणि धावणारा नट घसरून पडतो.

सरीची रुंदी स्वतः मोजा. चार-साडेचार फुटांच्या सरीत गिंबल (कॅमेरा हलू न देणारी मूठ) घेऊन मागे चालता येतं. तीन फुटांच्या सरीत येत नाही, तिथे कॅमेरा छातीशी धरून कडेने घ्यावा लागतो. वादळी पावसाने लोळलेला ऊस लांबच्या शॉटला भयानक सुंदर दिसतो, पण त्यात कुणाला धावायला लावू नका.

नुकसानीचा हिशेब आधी आणि लेखी. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला १ टन होतो. जेवढे गुंठे तुडवले जातील तेवढे टन गुणिले त्या हंगामाचा दर, असा साधा कागद दोघांच्या सहीने करा. शेवटच्या दिवशी बांधावर घासाघीस केली तर पुढच्या भागाला त्या गावात कुणी उभं करत नाही.

मोसम चुकलाच तर? पहिला ‘हॅलोवीन’ (१९७८) कॅलिफोर्नियात वसंतात चित्रित झाला होता आणि कथा ऑक्टोबरची होती. पानगळीची पानं रंगवून केली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरली. तोच मार्ग उसाला चालतो. तोडणी चालू असलेल्या रानातून वाढ्यासकट ऊस घ्या, बांबूच्या आडव्या पट्टीला एका हाताच्या अंतरात दहा-बारा कांड्या बांधा, आणि अशा सहा चौकटी कॅमेऱ्याच्या पुढे-मागे सरकवा. जवळच्या शॉटमध्ये एवढं रान पुरतं. वाढं मात्र दुसऱ्या दिवशी वाळतं, तेव्हा रोज नवं बांधा.

रात्री उसात माणसं नेताना काय सांभाळायचं?

आधी आग. खालचं वाळलेलं पाचट एका ठिणगीवर पेटतं आणि मग थांबत नाही. मशाल, फटाका, जळतं टायर, सिगारेट यातलं काहीही उसाच्या हद्दीत नको. मशालीचा प्रसंग हवाच असेल तर नांगरलेल्या मोकळ्या रानात घ्या आणि ऊस मागे लांब ठेवा. जनरेटर बांधाबाहेर, खालची जागा पाचट काढून साफ केलेली, आणि शेजारी पाण्याचा ड्रम भरलेला. धूर हवा असेल तर फॉग मशीनचा.

कराड, पाटण, शिराळा या बाजूला उसात बिबट्या असतो आणि मादी उसातच पिल्लं घालते. दिवसा शेतमालकासोबत पूर्ण फेरी मारा, ठसे किंवा विष्ठा दिसली तर ते शेत सोडा. पिल्लं दिसली तर हात लावू नका आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. रात्री एकटादुकटा माणूस लघवीलाही आत जाणार नाही, आणि कुणीही उजेडाबाहेर वाकून किंवा बसून राहणार नाही, हा नियम सगळ्यांना सांगा. घोणस आणि नाग दोन्ही आहेत. कॅमेऱ्यामागच्या प्रत्येकाला गुडघ्यापर्यंत गमबूट द्या. सर्पदंशाची लस कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, याची चौकशी शूटिंगच्या आदल्या दिवशी करून ठेवा आणि गाडी त्या दिशेला तोंड करून उभी करा.

उसाची पात कापते. पूर्ण बाह्या नसतील तर धावण्याच्या दोन टेकमध्ये हातांवर बारीक रेघा उठतात, घाम लागला की आग होते, आणि त्यावर नकली रक्ताचा रंग बसला तर चार दिवस जात नाही. वेशभूषेत उघडे हात हवेच असतील तर त्या सरीतली पात आदल्या संध्याकाळी विळ्याने काढून घ्या. खरी पात फक्त कॅमेऱ्याजवळ ठेवा.

गुऱ्हाळ, हळदीचं पेव, कृष्णेचा घाट. यातलं काय वापरता येईल?

गुऱ्हाळ उत्तम, पण बंद असलेलं. काहिलीतला पाक गूळ धरायच्या वेळी ११५ अंशांच्या वर असतो, आणि तो अंगाला चिकटून राहत असल्याने भाजणं पाण्यापेक्षा कितीतरी वाईट. चालू गुऱ्हाळात मारामारी घेऊच नका. हंगाम संपल्यावर किंवा दोन दिवस चुलाण थंड झाल्यावर जागा घ्या. काहिलीत कोमट पाणी, त्यात थोडा गूळ आणि कॉफी मिसळून रंग आणा आणि वाफेसाठी काठाआड फॉगची नळी दडवा. चरक दाखवायचा असेल तर पट्टा उतरवा आणि फ्यूज काढून एका माणसाच्या खिशात ठेवा. मुख्य स्विच बंद केला एवढ्यावर विसंबू नका, कारण अंधारात कुणीतरी बल्ब लावायला तोच स्विच ओढतो. फिरणाऱ्या चरकाचा परिणाम आवाज आणि हलती सावली यांतून मिळवा.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं हा इथल्या भयपटाला मिळालेला ठेवा आहे. तोंड अरुंद, आत पोट मोठं, वरून झाकलं की मागमूस नाही. त्यातली बरीच २००५च्या महापुरानंतर निकामी झाली. पण खऱ्या पेवात माणूस उतरवू नका. बंद पेवात प्राणवायू कमी आणि घातक वायू साचलेला असू शकतो. उतरणारा बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो. पेवाचं तोंड खरं दाखवा, आतला भाग सेटवर करा. विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा, पाच फूट व्यासाच्या तीन, जमिनीवर एकावर एक रचा. आतून माती, शेण आणि थोडा फेव्हिकॉल यांचा लेप द्या, हळद उधळा. एका रिंगेला आधीच दरवाजाएवढा भाग कापून घ्या, म्हणजे कॅमेरा आत जातो आणि नटाला बाहेर पडता येतं. वरून घेतलेल्या शॉटमध्ये हे पेवच वाटतं.

कृष्णेत सांगलीच्या वर-खाली मगरी आहेत. रात्रीचं पाण्यातलं कोणतंही दृश्य नदीत नको. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून पाण्याकडे बघणारा नट घ्या आणि प्रत्यक्ष बुडण्याचा प्रसंग शेततळ्यात किंवा पोहण्याच्या तलावात. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की निसरडा होतो आणि बाहेर येताच येत नाही, म्हणून गाठी मारलेला दोर चारही बाजूंना सोडा.

मेणवली आणि वाईचे घाट अनेक चित्रपटांत येऊन गेले आहेत, प्रेक्षक ते लगेच ओळखतो. कमी पैशांच्या चित्रपटाने तिथे जाऊन तुलना ओढवून घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गडकिल्ल्यांवर खुनाचा प्रसंग तर नकोच. लोकांच्या मनातली त्यांची जागा वेगळी आहे, आणि दगडात मुरलेला रंग निघत नाही.

नकली रक्ताची खात्रीची कृती कोणती?

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज हा पाया. १ किलो ग्लुकोजला २०० मिली कोमट पाणी. त्यातल्या थोड्या पाण्यात खाण्याचा लाल रंग, पावडर असेल तर ४ ते ५ ग्रॅम, आधी पूर्ण विरघळवा. पावडर थेट ग्लुकोजमध्ये टाकली तर गुठळ्या राहतात आणि त्या शॉटच्या मधेच फुटून गडद ठिपके पडतात. दोन सपाट चमचे कोको पावडर वेगळ्या पाण्यात कालवून घाला. तिने रक्त अपारदर्शक होतं, नाहीतर सरबत दिसतं. शेवटी निळ्या खाण्याच्या रंगाचे एक-दोन थेंब, एकेक करून. तीन पडले की जांभळं होतं आणि परत आणता येत नाही. पांढऱ्या ताटलीत थेंब टाकून ताटली उभी करा: ओघळ सावकाश उतरला आणि मागे पातळ लाल थर राहिला तर जमलं.

हे तोंडात घेता येतं. कपड्यांवर आणि जमिनीवर टाकायच्या रक्तात लिटरला दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळलं तर डाग धुवायला सोपे जातात. पण ते रक्त वेगळ्या बाटलीत, वेगळ्या रंगाच्या झाकणाचं आणि ‘तोंडात नको’ अशी चिठ्ठी लावलेलं हवं.

गोड रक्ताचे दोन त्रास. मुंग्या आणि माश्या अर्ध्या तासात येतात, दिवसा मधमाश्याही. पडून राहणाऱ्या प्रेताच्या नटासाठी हे हाल आहेत. त्याच्या आजूबाजूला लागणारं रक्त ग्लुकोजऐवजी सीएमसी पावडरने (पाणी घट्ट करणारी, गोड नसलेली पावडर) घट्ट केलेलं घ्या: १ लिटर पाण्याला १५ ग्रॅमपासून सुरुवात करा, ढवळत ढवळत भुरभुरा आणि रात्रभर ठेवा. दुसरा त्रास थंडीचा. डिसेंबरच्या रात्री ग्लुकोज इतकं घट्ट होतं की नळीतून सरकत नाही. बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवा आणि भरण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघा.

प्रमाण: चाकूच्या एका वाराला ५० ते ६० मिली, गळा चिरण्याला ३०० मिलीपर्यंत, भिंतीवरच्या फवाऱ्याला अर्धा लिटर. पूर्ण चित्रपटाला १५ लिटर धरा आणि पाच-पाच लिटरच्या खेपांत करा. खेप बदलली की जुन्या-नव्याची ताटलीवर तुलना करा, नाहीतर एकाच प्रसंगात दोन रंगांचं रक्त दिसतं.

सोडायला सलाइनची नळी आणि ६० मिलीची सिरिंज पुरते. मोठ्या फवाऱ्याला पाठीवरचा फवारणीचा पंप छान चालतो, पण तो नवाच विकत घ्या. शेतातला वापरलेला पंप कितीही धुतला तरी औषधाचा अंश नळीत आणि वायसरात राहतो, आणि तुम्ही ते नटाच्या डोळ्यांवर मारणार असता.

ताटलीत लाल दिसणारं रक्त पडद्यावर काळं का येतं?

कारण चांदणं दाखवायला लावलेला निळा प्रकाश. निळ्या उजेडात लाल रंगाला परत फेकायला लाल किरणच मिळत नाहीत, म्हणून तो काळा पडतो. दोन उपाय आहेत. रात्रीच्या प्रसंगासाठी कोको निम्मा करून उजळ रक्त बनवा, किंवा जखमेवर पडेल असा एक छोटा पांढरा दिवा बाजूने द्या. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली उलट होतं, रक्त तपकिरी दिसतं आणि कितीही लाल घातला तरी सुधारत नाही. तिथे दिवाच बदलावा लागतो. कॅमेरा, दिवे आणि रक्त एकत्र ठेवून चाचणी एक रात्र आधी करा.

जखमा घरच्या घरी बनतात का?

बनतात. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी समान मापाने घ्या, पंधरा मिनिटं फुगू द्या, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. उकळी आली तर बुडबुडे धरतात आणि चिकटपणा जातो. तेल लावलेल्या ताटलीवर पातळ ओता, कडा बोटाने आणखी पातळ करा, गोठल्यावर मधे चीर द्या. त्वचेवर स्पिरिट गमने (मेकअपचा गोंद) चिकटवा आणि कडा मेकअपने मिटवा. वितळलेलं मिश्रण कधीही थेट अंगावर ओतू नका.

एप्रिल-मेच्या उन्हात जिलेटिन अर्ध्या तासात ओघळतं. त्या दिवसांत लिक्विड लेटेक्स आणि टिश्यू पेपरचे थर वापरा. लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते, तेव्हा २४ तास आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा.

कोयता खरा वापरला तर काय बिघडतं?

धार बोथट केली तरी वजन तेच राहतं, आणि अंधारात, घामाने ओल्या हातातून सुटलेला कोयता हाड मोडतो. एकाच कोयत्याचे तीन नमुने करा. पहिला खऱ्या पोलादाचा, धार पूर्ण घासून गोल केलेला. तो फक्त जवळच्या शॉटला, समोर माणूस नसताना. दुसरा १० मिमी ईव्हीए फोमचे दोन थर चिकटवून कापलेला. मारामारी आणि धावणं सगळं यानेच. आत तार किंवा सळई घालू नका, फोम फाटला की ती बाहेर येते. तिसरा ३ मिमी ॲल्युमिनियमचा, पात्यातून मानेच्या किंवा खांद्याच्या आकाराचा अर्धगोल कापून काढलेला. तो अंगाला टेकवला की रुतलेला दिसतो. कापलेल्या कडा कानशीने गोल करून त्यावर पातळ रबर लावा.

तिन्हींना एकच रंगकाम करा: आधी काळा, त्यावर चंदेरी कोरड्या ब्रशने, मग कॉफीच्या पाण्याने गंज. फोमला रंग देण्यापूर्वी लेटेक्सचे दोन हात द्या, नाहीतर वाकवला की रंगाला तडे जातात. मुठीच्या बुडाला खूण करा, पोलादाला लाल टेप आणि फोमला हिरवी. कोयते एकाच माणसाच्या ताब्यात असतील, आणि प्रत्येक टेकआधी तो पातं स्वतःच्या हाताच्या तळव्यावर आपटून मोठ्याने ‘फोम’ म्हणेल. हे दर टेकला करायचं, पहाटे चारलासुद्धा.

पोलिसांना कळवावं लागतं का?

हो. शूटिंगची परवानगी गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत चालणाऱ्या एक खिडकी योजनेतून मागता येते, शिवाय ग्रामपंचायत आणि जागामालकाचं पत्र लागतं. वनक्षेत्र, पुरातत्त्व खात्याची स्मारकं आणि राज्य रस्ते यांची परवानगी त्या-त्या खात्याची. कास आणि कोयनेच्या राखीव भागात रात्रीच्या शूटिंगचा विचार सोडून द्या.

कोयता हे शेतीचं अवजार असलं तरी सणासुदीला आणि निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आणि तेव्हा हत्यार घेऊन रस्त्यावर फिरणं गुन्हा ठरतं. आदेश लागू आहे का, ते ठाण्यात विचारा. हद्दीतल्या ठाण्याला तारीख, वेळ, गट नंबर, गाड्यांचे नंबर आणि हत्यारं नकली असल्याचं लेखी द्या आणि पोच घ्या. गावात दवंडी द्या किंवा ग्रुपवर टाका: अमुक रात्री किंकाळ्या ऐकू येतील, ते शूटिंग आहे. रक्ताने माखलेला नट त्याच अवतारात चहाच्या टपरीवर जाणार नाही, एवढं बघा. एका मोबाइल व्हिडिओने तालुकाभर घबराट पसरते.

मुखवटा काय असावा?

स्वस्त आणि कोरा. १९७८च्या ‘हॅलोवीन’चा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, तो पांढरा रंगवला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली. भाव नसलेला चेहरा प्रेक्षक स्वतःच्या भीतीने भरतो.

आपल्याकडे घोंगडीची खोळ याहून सरस आहे. डोक्यावरून घेतलेली खोळ लांबून त्रिकोणी काळी आकृती बनते, चेहरा आपोआप अंधारात जातो आणि मुखवट्याचा खर्चच उरत नाही. काळी लोकर प्रकाश पिते, म्हणून मागून एक दिवा देऊन कडा उजळाव्या लागतात. खुन्याला कोणत्याही समाजाची ओळख मात्र देऊ नका, ना नावातून, ना बोलीतून. देवाचे मुखवटे आणि सोंगं यांनाही हात लावू नका. आत नटाला दिसतंय का ते तपासा. खोळीत बाजूचं दिसत नाही, त्यामुळे खुन्याला धावताना कॅमेऱ्याबाहेर एक माणूस आवाज देत राहिला पाहिजे.

थोड्या दिव्यांत रात्र कशी उजळायची?

शेतीच्या विजेवर अवलंबून राहू नका, थ्री फेज कधी रात्री असते कधी दिवसा, आठवड्यागणिक बदलते. ५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर आणि ३०० वॅटचे दोन एलईडी दिवे एवढ्यात पूर्ण चित्रपट होतो. एक दिवा उसापलीकडे उंच, ट्रॉलीवर किंवा घराच्या माळवदावर, कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्याच्या पुढे थोडा फॉग सोडला की प्रत्येक कांडं वेगळं दिसतं. दुसरा नटाजवळ, कापडातून. पुढून सपाट उजेड टाकला की सगळी भीती जाते, हा नवख्यांचा नेहमीचा दोष.

मोठे लांबचे शॉट सूर्य मावळल्यानंतरच्या वीस मिनिटांत उरकून घ्या. आकाशात निळसर उजेड असतो आणि दिवा न लावता रान दिसतं. तेवढ्यात दोनच शॉट होतात, तालीम दुपारीच हवी.

आवाजावर किती खर्च करावा?

रक्तावर कराल त्याच्या तिप्पट. प्रेक्षक अंधुक चित्र खपवून घेतो, खराब आवाज खपवून घेत नाही. साहित्य स्वयंपाकघरात आणि रानात आहे. हाड मोडायला उसाचं कांडं गुडघ्यावर मोडा, बारीक हाडाला मुळा. वार म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या कोबीवर सुरी. चिरण्याला कलिंगड, आतला गर हाताने काढत. कोयत्याला धार लावतानाचा सहाणेचा आवाज खुन्याची खूण म्हणून वापरला तर तो दिसण्याआधीच काम करतो. तो आवाज जवळून, दहा मिनिटं, वेगवेगळ्या गतीने रेकॉर्ड करून ठेवा.

संगीतासाठी मिरज जवळ आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेवरून व्हायोलिनचा गज सावकाश ओढला तर जो घरघरता स्वर निघतो, तो कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. तार अर्धी सैल करून तीच ओढून बघा.

नट कुठून घ्यावेत? लहान मुलांचे प्रसंग आहेत.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि नाटकाची ती हौस आजही टिकून आहे. राज्य नाट्य आणि एकांकिका स्पर्धांत उतरणारे संघ बघा. त्यांना आवाज लावता येतो आणि रात्रभर जागायची सवय असते. फक्त किंकाळी रंगमंचाची असते, ती कमी करून घ्या. आणि एका रात्रीत एका नटीकडून पाच-सहापेक्षा जास्त पूर्ण किंकाळ्या घेऊ नका. गळा बसला की पुढचे तीन दिवस संवाद जातात.

मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मुलांचे प्रसंग दिवसा, खिडक्या काळ्या करून घ्या. खोळ घातलेला खुनी आधी मुलाला चेहऱ्यासकट भेटलेला असावा.

सेन्सॉरमध्ये काय अडतं?

उघड हिंसा असेल तर ‘ए’ प्रमाणपत्र धरून चला. २०२३च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत, पण खरा स्लॅशर १६मध्ये बसवायला बरंच काढावं लागतं. टीव्हीवर ‘ए’ चालत नाही, त्यासाठी कापलेली प्रत पुन्हा दाखवावी लागते. म्हणून प्रत्येक खुनाचा एक जास्तीचा शॉट घ्या: सावली, बघणाऱ्याचा चेहरा किंवा भिंत. दहा मिनिटांचं काम आहे आणि टीव्हीची प्रत त्यातून तयार होते.

चित्रपटात कुत्रा, बैल, कोंबडी काहीही दिसणार असेल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी लागते. नंतर ती मिळवायला गेलं की प्रमाणपत्र अडकतं.

किती रात्री लागतात?

८० मिनिटांच्या चित्रपटाला १८ ते २० रात्री आणि ५ दिवस. रात्र कागदावर बारा तासांची असली तरी उजेड लावणं, जेवण आणि पहाटेची मरगळ वजा जाता सात-साडेसात तास कामाचे उरतात. रक्ताचा प्रत्येक शॉट पुन्हा घ्यायला पाऊण तास जातो, कारण नट धुवायचा, कपडे बदलायचे, जमीन पुसायची. प्रत्येक रक्ताच्या कपड्याचे तीन जोड शिवा आणि एका रात्रीत दोनच खून ठेवा. पहिला जेवणाआधी, दुसरा रात्री दोनच्या आत. त्यानंतर फक्त चालण्याचे, बघण्याचे, दार उघडण्याचे शॉट. तीननंतर कुणाच्याही हातात कोयता देऊ नका, फोमचासुद्धा. पाच रात्रींनंतर एक पूर्ण रात्र सुट्टी द्या, आणि गाडी चालवणारा माणूस सेटवर काम न करणारा, दिवसा झोपलेला असावा. पहाटे पसरणीचा किंवा खंबाटकीचा घाट उतरायचा असतो.